फुलाबाईच्या फळीवरचा चौथा डबा

लिहून ठेवणार : श्रीमती सुलक्षणा रघुवीर खुटवड, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटारींचे कापडी हूड शिवणे व जुन्या गाड्यांची बॉडी उभी करणे, राहणार भोर, जिल्हा पुणे.

मी हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून कागद पुढे सरकवलेला नाही. मला धाक घालणारा माणूस भोरात अजून जन्माला यायचा आहे. माझे डोके जाग्यावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण तो वकीलबाईंच्या समाधानासाठी. ज्याला माझं डोकं तपासायचं असेल त्यानं गॅरेजात यावं आणि कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगलाय ते मला डोळे मिटून विचारावं.

येत्या सोमवारी पुण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, घाबरू नका." मी म्हटलं, "घाबरले नाही हो, घाईत आहे." घाई कसली ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला पुढचं कळेल. माझ्या मोटारीचा चौथा डबा माझ्या थोरल्या बहिणीकडे गुंजवण्याला आहे आणि ती तो देत नाही. तो डबा गाडीत बसल्याशिवाय मी माझ्या मागचं काही धड लावून दिलं असं मला वाटणार नाही. बाकी घरदार काय, ते चार ओळींत वाटून होईल.

कलम १. भोर येथील माझे राहते घर, वरच्या मजल्यासह, माझा एकुलता मुलगा चि. श्रेयस यास द्यावे. गच्ची गळते. मी असताना तिच्याकडे बघायला त्याला वेळ झाला नाही, आता घर त्याचं झाल्यावर होईल. आपल्या घरातलं गळणं लवकर दिसतं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते ऑपरेशनचा खर्च वजा जाता श्रेयसचेच. आकडा बँक सांगेल. माझ्या तेराव्याला पुरणपोळी करू नये. मला ती कधीच आवडली नाही, आणि मेल्यावर तरी माझं ऐका.

कलम ३. गॅरेजची शेड, वेल्डिंगचा सेट, जॅक, ठोक्या, ऐरणी व सर्व हत्यारे नागसेन भिमा गायकवाड याला द्यावीत. नागसेन माझ्याबरोबर काम करता करता तरण्याचा म्हातारा झाला. बडबड्या आहे, फुशारक्या मारतो, स्वतःच्या हातानं काढलेला पोचा दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय त्याला घास जात नाही. पण काम अर्धं टाकून तो कधी घरी गेला नाही. श्रेयसला मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आई, मला स्क्रू फिरवता येत नाही, नागसेनदादालाच दे." त्यामुळे या कलमावर पुढे कोणी तोंड उघडू नये.

शेडवरचा बोर्ड मात्र बदलायचा नाही. "रघुवीर मोटार बॉडी वर्क्स" हेच राहील. मी नवीन असताना गल्लीतले काही शहाणे म्हणायचे, "रघूची बायको डेंटिंग करती म्हणे, आता चपात्या रघू लाटतो का?" होय, लाटायचा. आणि माझ्यापेक्षा गोल लाटायचा. त्या शहाण्यांपैकी दोघांच्या गाड्या मीच सरळ केल्या, त्यांची नावं मी उदार मनानं इथं लिहीत नाही.

कलम ४. माझे शिवणयंत्र, जाड कापडाचे, पायाने चालणारे. याच्याबद्दल कलम सातमध्ये लिहिले आहे.

कलम ५. मोटार. माझ्या नावावर एक उघडी मोटार आहे. अमेरिकन बनावटीची, डाव्या स्टिअरिंगची, फिक्या पिस्ता रंगाची. चासी नंबर वगैरे आरसी बुकात आहे. ह्यांनी, म्हणजे माझे यजमान कै. रघुवीर यांनी, ती वाईच्या एका बंद बंगल्याच्या गोठ्यातून आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी हूड शिवणारी बाई. गाडी बघितल्याबरोबर मी एकच म्हटलं, हिचं हूड दुसऱ्या कुणी शिवलं तर मी माहेरी निघून जाईन.

सगळी गाडी सुटी केली. चारी कोपऱ्यांतून चार लोखंडी डबे निघाले. तुपाच्या डब्याएवढे, सगळीकडून बंद, आणि असे जड की उचलताना मनगट बोलावं. वायर नाही, नळी नाही, कशालाच जोड नाही. ह्यांनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला, की आधीच्या मालकानं घाटात गाडी उडू नये म्हणून वजन टाकलंय. आमच्याकडे रिकाम्या टेम्पोत वाळूची पोती टाकतात, त्यातलाच प्रकार. निकाल नागसेनला पटला, मलाही पटला. आता एवढं चांगलं लोखंड वाया कशाला घालवायचं? दोन डबे मी घेतले, हूडचं कापड बेतताना त्याची टोकं सरकू नयेत म्हणून वर ठेवायला. एक गॅरेजच्या दाराला आड लागला. चौथा माझे दाजी, थोरल्या बहिणीचे म्हणजे फुलाबाईचे यजमान बाजीराव, मागून घेऊन गेले. लावणीचे दिवस तोंडावर होते. म्हणाले, "रघुवीरराव, चिखलणीच्या फळीला ह्यो डबा झ्याक व्हईल."

ज्यांनी भात फक्त ताटात बघितलाय त्यांच्यासाठी सांगते. लावणीआधी खाचरात चिखल करतात आणि बैलांच्या मागं लाकडी फळी ओढून तो सपाट करतात. फळी वर उचलू नये म्हणून तिच्यावर वजन लागतं. दाजींनी आंब्याच्या लाकडाची फळी स्वतः तासली आणि डबा तिच्यावर बोल्टांनी आवळून टाकला.

इकडे गाडी उभी राहिली. रंग झाला, हूड झालं, ह्यांनी नारळ फोडला आणि गाडी नसरापूरच्या बाजूला मोकळ्या रस्त्याला घातली. जरा वेग घेतला आणि तिला कापरं भरलं. आरशात मागचं काही धड दिसेना, पुढच्या काचेची चौकट थरथरायला लागली, दारं कुडकुड वाजायला लागली. चाकं बॅलन्स केली, इंजिनाखालची रबरं बदलली, खालून जादा पत्रा मारला. ढिम्म फरक नाही. एकदा तर ह्यांनी रागानं मडगार्डाला लाथ घातली. पोचा काढायला बसले मी.

कारण सापडलं ते श्रेयसमुळं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याला वाटतं आईला त्याच्या कॉम्प्युटरचं कौतुक नाही. त्यानं त्या गाडीचं कंपनीचं जुनं चित्र कुठूनतरी शोधून मोबाईलवर पाठवलं. चित्रात चारी कोपऱ्यांत चार डबे. वजन नव्हे, औषध होतं ते. छप्पर नसलेल्या गाडीची बॉडी झाकण काढलेल्या खोक्यासारखी पिळवटते, म्हणून कंपनीनंच हे डबे दिलेले. आत तेलात, स्प्रिंगवर, एक जड गोळा झुलतो. बॉडी वर उसळली की गोळा मागं राहतो, बॉडी खाली आली की तो वर येतो, आणि दोघांच्या ओढाताणीत थरथर मरून जाते. ह्यांनी चित्र बघितलं, मग माझ्या कापडावरच्या डब्याकडं बघितलं, आणि "अगं आई गं" म्हणून जमिनीवरच बसले.

तीन डबे घरात होते ते बसवले. कापरं पुष्कळ उतरलं, पण डाव्या मागच्या कोपऱ्यातून यायचं ते येतच राहिलं. चौथा आणायला गुंजवण्याला जायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात दाजी गेले. त्यानंतर डब्याचं नाव कोण काढणार? वर्षश्राद्ध उरकल्यावर मी विचारलं. हे लिहून ठेवते, कारण फुलाबाई गावभर सांगते की सुलीनं सुतकात डबा मागितला. साफ खोटं आहे.

कलम ६. डबे ओळखणे व बसवणे. हे नागसेनला तोंडपाठ आहे, पण नागसेनही काही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. त्याच्यानंतर जो कोणी गाडीखाली शिरेल त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात.

डबे दिसायला सारखे असले तरी सारखे नाहीत. पुढचे दोन हलके, मागचे दोन जड, आणि डावा-उजवा वेगळा. बुडाच्या कडेला नंबर ठोकलेला आहे. रंगाखाली, गंजाखाली तो दडतो. तारेचा ब्रश लावावा, ग्राइंडर लावू नये, नाहीतर नंबरच घासून जाईल आणि मग बसा देवाचा कौल लावत. तेल भरायचं बूच असलेली बाजू वर. उलटा बसवलेला डबा म्हणजे नुसता धोंडा.

डबा जिवंत आहे का मेला ते आधी बघावं. दोन्ही हातांनी छातीशी धरून एकदम वर उचलावा. जिवंत असेल तर आतलं वजन जरा उशिरानं, सावकाश मागं येतं, आणि हाताला ते कळतं. आत खडखडलं तर स्प्रिंग तुटली. काहीच हललं नाही तर गंजून बसला. असा डबा बसवून फसवाफसवी करू नये.

खाली रबर घालू नये. प्रत्येक शहाणा मेकॅनिक इथं रबराचा वायसर घालायला जातो, थरथर कमी होईल म्हणून. रबर घातलं की बॉडीची थरथर डब्यापर्यंत पोचतच नाही, मग तो मारणार काय? जागेवरचा रंग खरवडून, लोखंडाला लोखंड टेकवून, पक्का आवळावा. आणि शेवटचं आवळणं गाडी चारी चाकांवर सपाट उभी असताना करावं. जॅकवर चढवलेली उघडी गाडी आधीच पिळलेली असते, तशीच आवळली तर पीळ आतच राहतो. मग हूड खाली पाडून गाडी रस्त्याला घालावी आणि आरशात बघावं. मागून येणाऱ्या एसटीची पाटी वाचता आली की काम झालं.

कलम ७. माझी थोरली बहीण श्रीमती फुलाबाई बाजीराव रसाळ, राहणार गुंजवणे, हिला पुढील गोष्टी द्याव्यात : माझे शिवणयंत्र, माझा कोल्हापुरी साज, आणि भोरच्या घरातली रस्त्याकडची खोली तिच्या हयातीपर्यंत वापरायला. तिला गुडघ्यांसाठी सारखं दवाखान्याला भोरला यावं लागतं, एसटीत उभी राहून येते, असं मला लोकांकडून कळतं. भांडण आपल्या जागी, बहीण आपल्या जागी.

अट : तिने चौथा डबा नागसेनच्या ताब्यात द्यावा. न दिल्यास यातलं काही तिला मिळणार नाही.

अट कडक वाटेल, म्हणून भांडणाची हकीकत. वर्षश्राद्धानंतर मी डबा मागितला तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्या हातची फळी हाय, बोल्टाला हात लावायचा न्हाई." बरं. माणूस आहे, मन आहे, मी थांबले. पुढं हेही गेले. मग मी तेवढ्याच वजनाचा नवा डबा ओतून घेतला, त्याला चांगला रंग दिला आणि नागसेनबरोबर टेम्पोनं पाठवला, बदली म्हणून. तिथं बिनसलं. फुलाबाईनं, म्हणजे आमच्या अक्कानं, नवा डबा फळीवर बांधून एक खाचर फिरवलं आणि नागसेनला ऐकवलं, "ह्यो मुका हाय. फळी उड्या मारती. आमचा डबा आतनं हलतो, म्हनून फळी गप चालती. तुमच्या बाईला सांग, म्या येडी न्हाई."

डबा कशासाठी असतो हे तिला चित्रबित्र न बघता कळलं होतं. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलणार नाही, म्हणून इथं लिहिते.

त्यावर मी फोन केला. ती मला भंगारवाली म्हणाली. मी तिला काय म्हणाले ते लिहीत नाही, हा कागद सरकारी कचेरीत जायचा आहे. त्या दिवसापासून संक्रांतीचं वाण बंद, फोन बंद, लग्नाकार्यात समोर आली तर दोघींची तोंडं दोन दिशांना. माझं चुकलं असं मला वाटत नाही. मी बदली पाठवली होती.

कलम ८. मोटार श्रेयसला द्यावी. त्याला ती विकायची असेल तर विकावी, माझी ना नाही. पण चारही डबे आपापल्या कोपऱ्यात बसल्याशिवाय ती विकता येणार नाही, आणि डबे काढणार असं म्हणणाऱ्याला तर कदापि नाही. पुण्याचे एक मंगल कार्यालयवाले वरातीसाठी गाडी मागत आहेत. त्यांनी येऊन डिकी उघडली, कोपऱ्यातल्या डब्यावर बूट टेकवला आणि म्हणाले, "मावशी, हे ओझं काढून टाकू, इथं स्पीकर छान बसतील." चहा त्यांचा आधीच पिऊन झाला होता म्हणून त्यांना चहा मिळाला एवढंच म्हणते. चौथा डबा कधीच आला नाही तर गाडी शेडमध्येच राहील. पुन्हा कोंबड्या बसल्या तरी बेहत्तर.

इथपर्यंत मी सोमवारी लिहिलं होतं. कागद वकीलबाईंना, ॲड. सई भिडे यांना, वाचून दाखवला. त्यांनी कलम सातवर बोट ठेवलं. "सुलक्षणाताई, ही अट फुलाबाईंना माहीत आहे का? नसेल तर तुमच्यामागं श्रेयसला हा कागद घेऊन त्यांच्या दारात उभं राहावं लागेल." श्रेयसला आणि अक्कापुढं? ती त्याला पोटभर जेवू घालेल आणि डबा न देता परत पाठवेल, वर त्याला कळणारही नाही. म्हटलं, नको. हे काम माझं मीच करणार.

मंगळवारी उघडीप होती. तीन डब्यांची गाडी काढली, नागसेनला शेजारी बसवलं, आणि मार्गासनीवरून गुंजवण्याला गेले. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं, विषय संपला.

अक्का अंगणात भाताचं बियाणं पाखडत बसली होती. पिस्ता रंग बघून सूप खाली ठेवलं नाही.

"आली का भंगारवाली," म्हणाली.

मी म्हटलं, "अक्का, भांडायला आले नाही. कायद्याचं वाचून दाखवायला आले."

आणि अंगणात उभी राहून कलम सात वाचलं. शिवणयंत्र, साज, खोली, अट. ती पाखडतच होती.

"वाचून झालं?" तिनं विचारलं. "मेल्यावरचं आत्ताच कशापायी वाचती? मरायला झालीस का काय?"

मी काही बोलायच्या आत नागसेननं तोंड उघडलं. त्याला मी वाटेत शपथ घातली होती. "मावशी, सोमवारी बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन हाय. झडप बदलायचीय."

सूप तिच्या हातातनं सुटलं. बियाणं सगळं मातीत. तशीच गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि माझ्या अंगावर आली. मला वाटलं आता मारते.

"कुनी सांगितलं मला? आँ? समद्या भोराला ठावं, ह्या नागसेनला ठावं, आन् माझ्या पाठची भैन मला डब्याचा कागद वाचून दावती! खोली देती व्हय गं? साज देती? येक फोन केला असतास, 'अक्का, मला बरं न्हाई, ये,' तर डबा डोक्यावर घिऊन आले असते."

"मग इतकी वर्षं का दिला नाहीस?" मीही आवाज चढवला. माझाही स्वभाव आहे.

"तू डबा मागितलास. मला कवा बोलावलंस?"

बदली पाठवली होती, हे मी तिथं बोलायला गेले, पण ते माझ्या तोंडातच राहिलं.

ती आत गेली. आम्हाला वाटलं दार लावून घेतलं. तर आतून ओरडली, "नागसेन, हितं यं, फळी येकटीला उचलंना." पडवीतल्या आढ्याला टांगलेली फळी दोघांनी काढून अंगणात ठेवली. अक्का फळीच्या एका टोकावर बसली, फळी हलू नये म्हणून, आणि मला म्हणाली, "खोल."

बोल्ट दाजींनी असे आवळले होते की बैलांनी ओढले तरी येऊ नयेत, त्यात एवढ्या चिखलांचा गंज. रॉकेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा सोडलं. तीन नट आले. चौथा येईना. नागसेन म्हणाला छिन्नी लावू. अक्का म्हणाली, "कापायचा न्हाई. त्यांनी लावलाय त्यो. बसू थोडं." बसलो. तिनं चहा केला, मला बिनसाखरेचा दिला. माझी साखर वाढल्याचं तिला कुणी सांगितलं देव जाणे. चहा झाल्यावर नट आला. चारही नट तिनं पदराच्या गाठीत बांधले.

डब्यावरचा चिखल ब्रशनं काढला. बुडाला नंबर होता, डावा मागचा, स्पष्ट. इतकी वर्षं पाण्यात बुडाला, उन्हात तापला, आणि मी तो छातीशी धरून वर उचलला तेव्हा आतलं वजन सावकाश, उशिरानं, जसं यावं तसं मागं आलं. जिवंत होता. मला रडू आलं. लिहून टाकते, नागसेन सांगत सुटणारच आहे.

निघताना अक्का लुगड्याची पिशवी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "कुठं बसवत्यात त्ये मला बगायचंय."

बुधवारी सकाळी डबा बसवला. गाडी चारी चाकांवर, खाली रबर नाही, लोखंडाला लोखंड. शेवटचा फेरा मी स्वतः आवळला. अक्का स्टुलावर बसून नागसेनला विचारत होती, "आवळला का? अजून आवळ. त्यांनी आवळलेला बगितलास न्हवं?" मग हूड पाडून नसरापूरच्या रस्त्याला गेलो. अक्का मागं डाव्या बाजूला, डब्याच्या बरोबर वर. वेग घेतला. मी आरशात बघितलं. आरशात मागं वेल्ह्याची एसटी येत होती. पाटी वाचली, अक्षरन् अक्षर. ह्यांना हे बघायला मिळायला हवं होतं. फार फार हवं होतं.

अक्कानं दाराला हात लावून बघितला, मग काचेला. "गप चालती," म्हणाली.

कलम ९. सबब कलम आठमधली डब्यांची अट मी हयातीतच पुरी केली आहे. गाडी श्रेयसची. डबे मात्र काढायचे नाहीत, ही बंदी कायम.

कलम १०. कलम सात पूर्ण रद्द समजावे. याचे कारण असे, की आज गुरुवारी आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात सह्यांना जमलो, आणि दुसऱ्या साक्षीदार सखूबाई, ज्यांना मी आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं, त्या लेकीकडं निघून गेल्या. नागसेनला शेड मिळणार म्हणून तो चालत नाही. तेवढ्यात अक्का म्हणाली, "म्या करते की साक्ष."

वकीलबाईंनी समजावलं, "मावशी, कागदात ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीला राहू नये. पुढं कुणी शंका काढली तर पंचाईत होते. आपण उद्या दुसरं कुणी बघू."

"मग माझं नाव खोडा," अक्का म्हणाली.

मी म्हटलं, "अक्का, येड्यासारखं करू नको. खोली आहे, साज आहे, मशीन आहे. तुझे गुडघे बघ."

"खोली तू हाईस तवर तुझ्यासंगं वापरीन. तुझ्या मागं मला काय बी नगं. खोडा म्हन्ते ना."

मी पुष्कळ वाद घातला. आमच्या घरात हट्ट कुणी कुणाला शिकवलेला नाही, तो दोघींना सारखाच वाटून आला आहे. शेवटी खोडलं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, वकीलबाईंशी तीन वेळा भांडून पुरे केले आहे. यात जे आहे ते माझ्या मनातलं आहे, आणि जे मनात नव्हतं ते अक्कानं घालायला लावलं आहे.

ठिकाण : भोर
दिनांक : १२ जून २०२५

(सही) सुलक्षणा रघुवीर खुटवड

साक्षीदार :

१. गेनबा सखाराम धुमाळ, राहणार भोर, शेजारी. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. (सही)

२. फुलाबाई बाजीराव रसाळ, राहणार गुंजवणे. (साक्षीत एवढंच लिहायचं असतं असं वकीलबाई सांगत होत्या. साक्षीदार म्हणाल्या, "म्या सांगते तसंच लिवा, न्हाईतर सही न्हाई." म्हणून त्यांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे.)

सुलीनं माझ्या म्होरं सही केली, म्या बगितली. शुद्धीत हाय. डबा हिनं न्हेला, आता फळी हलकी झाली. नुस्ता धोंडा ठिवला की ती उड्या मारती. तवा वजन म्हनून फळीवर हिनंच हुबं ऱ्हायाचं, म्या बैल धरीन. डाक्टर औंदा नगं म्हनला तर फुडल्या लावणीला. त्याच्या आदी ह्यो कागद कुनी उगडायचा न्हाई.

(सही) फुलाबाई बाजीराव रसाळ